गच्चीचा कठडा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते. घर बांधणाऱ्याची जी दमछाक होते, ती या म्हणीत नेमकी सामावली आहे. परंतु घर बांधणारा इतरांचे काही देणे लागतो काय, या प्रश्नाला ती स्पर्श करीत नाही. आम्हांलाही हा प्रश्न फार उशिरा पडला, आणि तोही एका नव्या घराला आशीर्वाद देऊन परतताना.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घराघरांची कौले उडाली. आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे जुने घर त्यातच गेले. मुलगा आखातात नोकरीला. त्याने पैसे पाठविले, थोडे कर्ज काढले आणि जुन्या जोत्यावर स्लॅबचे नवे घर उभे राहिले. आशीर्वादासाठी आम्हांला बोलावणे आले. प्रार्थना झाली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडले आणि आम्ही मागील दारी आलो. तोच नव्या कुंपणभिंतीपलीकडून शेजारच्या वृद्ध बाईंनी हाक मारली, “फादर, या भिंतीलाही आशीर्वाद दिलात का? आमची विहिरीची वाट तिच्याखाली गेली.”

यजमान शेजारीच उभे होते. आम्ही हसल्यासारखे केले आणि जेवायला आत गेलो.

यजमान काही दुष्ट गृहस्थ नव्हते. सातबारा त्यांच्या नावावर, मोजणी झालेली, भिंत स्वतःच्या हद्दीत. मग त्यांचे चुकले ते काय? आज घर घेणाऱ्याच्या बाजूने कायदा बराच जागा झाला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, प्रकल्पासाठी ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे विकासकाला बंधनकारक केले. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळला, तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा आहे. हे योग्यच झाले. २४ ऑगस्ट २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यातील महाडची पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. ती इमारत काही जुनीपुराणी नव्हती. आपल्याला काय मिळाले पाहिजे, हे आपण आता विचारू लागलो आहोत. आपण काय दिले पाहिजे, हे विचारायचे मात्र राहून जाते.

वाटेचा हक्क कायद्याला ठाऊक नाही, असे नाही. वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीला १८८२ च्या कायद्यातही मान आहे. परंतु डोक्यावर हंडा घेतलेल्या म्हातारीने तो हक्क शाबीत करण्यासाठी कोर्टाच्या तारखा मोजत बसावे काय?

त्या रात्री आम्ही बायबल उघडले. अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात नव्या घराविषयी एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, एखादा तेथून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा आशयाची. त्या देशात छपरे सपाट असत. राहाबने गच्चीवर अंबाडीच्या काड्या पसरल्या होत्या. संत पेत्र यापो येथे प्रार्थनेसाठी गच्चीवरच गेला होता. घरधन्याला गच्चीची कड अंधारातही ठाऊक असते. ती ठाऊक नसते पाहुण्याला, शेजारच्या मुलाला, मजुराला. म्हणजे कठडा आपल्या घरावर, आपल्या खर्चाने, पण दुसऱ्यासाठी बांधावयाचा आहे. घर मोठे बांधू नको, असे ही आज्ञा म्हणत नाही. तुझ्या घरामुळे कोणाला इजा होईल, एवढे आधी पाहा, असे ती सांगते. कुंपण आणि कठडा एकाच विटांचे असतात. परंतु कुंपण इतरांपासून आपले रक्षण करते, आणि कठडा आपल्यापासून इतरांचे.

आपल्या किनाऱ्यावर अशा कठड्यांची आज फार गरज आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. जमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या जात आहेत. याच अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. शेते पडीक ठेवली, उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. अडचणीपोटी जमीन विकणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. मात्र घेणाऱ्याने ती कोणी कसली आणि त्याला वाजवी मोल मिळाले काय, हे विचारावे. भिंतीतील वीट ज्या भट्टीवर भाजली गेली, तेथे उचल फेडण्यासाठी राबणारे कातकरी कुटुंब त्याने आठवावे. शेजाऱ्याला मजुरीवाचून राबवून घर उभारणाऱ्याला यिर्मया संदेष्ट्याने धिक्कारले आहे.

आणि वाट बुजली की केवळ पाणीच तुटते असे नव्हे. कोर्लईतून पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. परंतु तेथील ख्रिस्ती कुटुंबांची ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या बोलली गेली. ती पुस्तकांनी राखली नाही. घराघरांतून आणि शेजाराशेजारातून ती जगली. शेजार तुटला की असे कितीतरी मुक्याने नाहीसे होते.

आठ दिवसांनी आम्ही त्या घरी पुन्हा गेलो आणि भिंतीत एक लहान दार ठेवावे, अशी विनंती केली. यजमान बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, त्याच दिवशी बोलला असता तर गवंडी इथेच होता.”

ते खरेच होते. आपला कठडा बांधण्यात आम्हीच कसूर केली होती. भिंतीत अद्याप दार झालेले नाही. आम्ही विचारणे सोडलेले नाही. आता नव्या घराच्या आशीर्वादाचे बोलावणे आले की आम्ही आधी बाहेरून त्या घराला एक फेरी घालतो. शक्य तो गवंडी असतानाच जातो.