पुण्यात पाणी किती अंशाला उकळतं?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच. हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे इथे पाणी 98 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला तर 95-96 लाच. पण पुण्यातल्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याची प्रयोगवही उघडा, 100 हाच आकडा भेटण्याची शक्यता जास्त. ज्याला उत्तर पाठ नाही तो पोरगा तापमापीकडे बघतो आणि दिसेल ते लिहितो. पाठ असलेला मुलगा पारा 98 वर थांबलेला पाहतो, आपलंच काहीतरी चुकलं असं समजतो आणि मुकाट्याने दोन अंश वाढवतो. (शाळेचा तापमापी एखाद्या अंशाने चुकतोही, पण ती शंकाही त्याला येत नाही.)

निरीक्षण, वर्गीकरण, मापन, अनुमान, भाकीत आणि जे केलं ते नीट सांगणं ही विज्ञानाची प्राथमिक कौशल्यं. अमेरिकेत 1960 च्या दशकात या कौशल्यांभोवती प्राथमिक शाळांचा अख्खा विज्ञान अभ्यासक्रम रचला गेला होता. आपल्याकडे या यादीला डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत मानाचं पान आहे, वर्गात मात्र नाही. गुणवत्ता यादीतली मुलं म्हणजे ही कौशल्यं असलेली मुलं, असं आपण गृहीत धरतो. मला हे गृहीतकच मान्य नाही.

साधा प्रयोग घ्या. पेल्यात बर्फाचं पाणी भरून टेबलावर ठेवायचं आणि पाच मिनिटांनी जे दिसतं ते ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली लिहायचं. स्कॉलर मूल लिहितं, ‘हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन झाले.’ शिक्षक खूश, पैकीच्या पैकी गुण. पण बाष्प कुणाला दिसलं? सांद्रीभवन कुणी पाहिलं? दिसले ते पेल्याच्या बाहेरून जमलेले थेंब, तेही पाण्याच्या पातळीपर्यंत दाट आणि वर विरळ. ते पाणी आतून पाझरलं की हवेतून आलं, हे ठरवायला आतल्या पाण्यात रंग घालून बघावं लागेल, किंवा पेला आधी आणि नंतर तराजूवर ठेवावा लागेल. हा खटाटोप करायची गरज त्याच मुलाला वाटते, ज्याच्या हातात उत्तर आधीच दिलेलं नाही. अनुमान निरीक्षणाच्या रकान्यात शिरलं की प्रयोग तिथेच संपतो.

दोष मुलांचा नाही. आपल्या परीक्षा चार पर्यायांवर चालतात आणि तिथे 98 ला गुण नसतात. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेने लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत ठेवली, ही मोठीच गोष्ट. पण क्लासवाल्यांनी प्रात्यक्षिकांचाही सराव घ्यायला सुरुवात केली. अपेक्षित रीडिंगसुद्धा घोटून घेता येतं.

वेगळं करता येतं, याचा दाखला शेजारीच आहे. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांमधून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची गावातली मुलं शिवारात हिंडून, गटात प्रयोग करून विज्ञान शिकली. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी. पुस्तक समोर असताना पाठांतर विचारण्यात अर्थच उरत नाही, एवढ्या एका गोष्टीने प्रश्नपत्रिकेचा नूर बदलला. 2002 साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेल्या कामाला कुणी अव्यवहार्य म्हणू नये.

पालकांना एकच सांगणं. येत्या 21 डिसेंबरला घरातल्या मुलाला आधी विचारा, भरदुपारी सावली केवढी पडेल? ‘बाराला सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली’ असं उत्तर येईल. मग गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करा आणि बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजायला लावा. पुण्यात सर्वांत आखूड सावली साडेबारानंतर पडते आणि तीही जवळपास 90 सेंटिमीटर भरते. हा आकडा मुलाला आधी सांगू नका.