मुळांसाठी मागणं

पांडुरंगा, भोसरी-चाकणच्या या पट्ट्यात तुझ्याकडे कुणी ऑर्डरी मागतं, कुणी कंत्राटातून कायम होणं मागतं. मी मुळं मागते. काचेच्या फ्लास्कात, मातीवाचून वाढणारी, केसांसारखी बारीक पांढरी मुळं.

नरक्याच्या झाडाचे हाल तू पाहिलेस. नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी 1966 साली एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे रसायन वेगळं काढलं. 1972 मध्ये तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं, आणि पुढे कर्करोगाच्या औषधापायी त्याच्या लाकडाचे चोरून ट्रक भरले जाऊ लागले. शेकडो किलो सुक्या लाकडामागे हाती येतं जेमतेम किलोभर. देवा, औषध तर हवंच. ज्याच्या घरात केमो चालू आहे त्याला झाडाचं कौतुक कोण सांगणार?

म्हणून आम्ही नरक्याच्या पानाला चीर देतो आणि तिथे अॅग्रोबॅक्टेरियम रायझोजिनिस लावतो. मातीतला हा जिवाणू आपल्या जनुकांचा तुकडा पानाच्या पेशीत सोडतो. साधलं तर काही आठवड्यांत जखमेतूनच मुळं फुटतात. मग सेफोटॅक्झिम घालून जिवाणू मारायचा आणि मुळं साखर-क्षारांच्या पाण्यात, अंधारात, शेकरवर ठेवायची. वर त्यांना खोटी भीतीही घालायची. मिथाइल जास्मोनेट पडलं की कीड लागली असं समजून मूळ स्वतःच्या बचावाला रसायन बनवू लागतं. ही लबाडी पोटात घाल.

जपानी ओफिओर्‍हायझाच्या मुळांनी कॅम्पटोथेसिन आपणहून द्रवात सोडल्याचं 2001 साली छापून आलं. आमच्या नरक्यालाही तेवढी सुबुद्धी दे. जात लाकडाची, हट्टी आहे रे.

आणि फ्लास्कात दिलं म्हणून टाकीत देईलच असं नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलिनची बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढली. पण ही मुळं फिरत्या पात्याखाली तुटतात, आणि पातं काढलं तर एकमेकांत अडकून आतली हवेवाचून काळी पडतात. ज्ञानोबांच्या गळ्याला अजानवृक्षाचं मूळ लागलं तेव्हा ते सोडवायला पैठणहून नाथ आले, असं आळंदीत सांगतात. आमचा गुंता सोडवायला कुणाला धाडायचं ते तू बघ. इंजिनिअर असला तर बरं.

तोवर फ्लास्कांना बुरशी लागू देऊ नकोस, आणि गुरुवारी लाइट गेली की जनरेटर पहिल्या झटक्यात चालू होऊ दे.