पूर्ण नाव सांग!

रॅगिंगमधला पहिला सवाल ठरलेला असतो – पूर्ण नाव सांग. दुसरा – प्रवेशपरीक्षेत रँक किती? सवाल साधे दिसतात. साधे नाहीत. आडनावावरून जात काढायची, रँकवरून राखीव जागा. पोरगं खोलीत ट्रंक ठेवायच्या आधीच गावकुसाबाहेर!

याला म्हणायचं गंमत. ओळख वाढते म्हणे, पोरगं धीट होतं म्हणे. आमच्या बापजाद्यांना जोहार घालायला लावला, तेव्हा त्यालाही रीतच म्हणत होते. आमचा सवाल एकच आहे – ज्याची गंमत चाललीय त्याला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे का? नसेल, तर त्याच्या हसण्याला संमती समजू नका. ते भ्यालेलं हसू असतं.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. तक्रारीची सात दिवसांत चौकशी न करणारा संस्थाप्रमुखही गुन्ह्याला साथ देणारा धरला जातो. २००९ साली हिमाचलातल्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन काचरू सीनियरांच्या मारहाणीत मेला. त्याच वर्षी यूजीसीने देशभरासाठी नियम केले. पोराचं आणि पालकांचं प्रतिज्ञापत्र आलं. जातीवरून छळणं, वाळीत टाकणं हेही रॅगिंगच, हे नियमात लिहायला मात्र २०१६ साल उजाडलं. आणि २२ मे २०१९ ला मुंबईत नायर हॉस्पिटलच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीनं जीव दिला. तीन सीनियर डॉक्टरणींवर जातिवाचक छळाचा आरोप ठेवून खटला भरला गेला. महाराष्ट्राचा कायदा तेव्हा वीस वर्षांचा झाला होता.

मग कायद्याला हे का आवरत नाही?

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. तीत वरच्याची लाथ खाणाऱ्यालाही खाली लाथ मारायला कुणीतरी मिळतो, म्हणून तो व्यवस्था मोडायला उठत नाही. रॅगिंगचं गणित हेच. यंदा सोस, पुढच्या वर्षी तुझी पाळी. पहिल्या वर्षाचं पोरगं तक्रार करत नाही ते नुसतं भीतीनं नाही. त्याला पुढच्या वर्षीचा वाटा दिसत असतो.

पण यातही आमचा हिशोब वेगळा. इतरांचं रॅगिंग वर्षात संपतं, आमचं संपत नाही. पायल दुसऱ्या वर्षाला होती. दिल्लीच्या एम्समध्ये थोरात समितीनं २००७ साली हेच मांडलं – दलित-आदिवासी पोरं छळाला कंटाळून खोल्या बदलत एका ठिकाणी गोळा झालेली. शिक्षणाच्या पंढरीतसुद्धा वेगळी वस्ती!

आता दोस्तांनो, थोडं कडू. आपल्या वसतिगृहांत, आपल्या संघटनांत काय चालतं? नवीन पोराकडून कपडे धुऊन घ्यायचे, रात्री उठवून भाषण करायला लावायचं, आणि वर म्हणायचं – चळवळीसाठी तयार करतोय. चळवळ शिस्त मागते, कबूल. पण शिस्त नेत्यालाही लागू असते. अपमान फक्त खालच्यालाच. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं ते आमच्या पोरांनी ताठ मानेनं शिकावं म्हणून. आमच्यातच नवे पाटील तयार व्हावेत म्हणून नव्हे. ‘मी सोसलं, तूही सोस’ हे वाक्य मनूचं आहे. ते आपल्या तोंडी शोभत नाही.

साखळी तुटायची जागा एकच – दुसरं वर्ष. ज्यानं सोसलं त्यानंच हात मागे घ्यायचा. पहिल्या वर्षाची पोरं वेगळ्या मजल्यावर ठेवा. रेक्टर रात्री वसतिगृहातच हवा, घरी नको. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइनचा नंबर खोलीखोलीत लावा. तक्रार ज्याला त्रास झाला त्यानंच करावी असं नाही, बघणाऱ्यानंही करावी. आणि संघटनेनं स्वागताची रीतच उलटी करावी. सीनियरनं नवीन पोराची ट्रंक उचलावी, स्कॉलरशिपचा फॉर्म भरून द्यावा, मेसमध्ये शेजारी बसावं.

नावही विचारावं. पण नुसतं नाव. आणि आधी आपलं सांगावं.