पाहणारा आणि पाहुणा

गेल्या वैशाखांत आम्ही भोरच्या पलीकडे वेळवंड येथें गेलों होतों. भाटघरच्या जलाशयाचें पाणी वर्षांतून थोडेच दिवस इतकें उतरतें कीं, एरव्हीं पाण्याखालीं असलेलें कांबरेश्वराचें देऊळ उघडें पडतें. तें पाहावें एवढाच आमचा हेतु होता. भेगाळलेला गाळ तुडवीत आम्ही देवळापाशीं पोंचलों, दगडांवरून हात फिरविला, बांधणीच्या काळाविषयीं बरोबरच्या मित्राशीं थोडा वाद घातला (तेथील लोक तें पांडवांनीं बांधलें असें सांगतात, मित्रास तें मान्य नव्हतें), आणि परत फिरणार इतक्यांत एक वृद्ध बाई पितळेचा तांब्या घेऊन आली. तिनें आम्हांस निरखून पाहिलें व विचारलें, "पाव्हणं, कुठनं आलात?" आम्हीं पुण्याचें नांव सांगितलें. "काय काम काढलं?" "देऊळ पाहायला आलों, आजी." ती क्षणभर थांबली. "देऊळ बघाया? मंग देव?" असें म्हणून ती आंत गेली. बोलण्यांत टोमणा नव्हता. तिला खरोखरच उलगडा झाला नव्हता.

बाहेर आल्यावर तिनें गाळांत दिसणाऱ्या दगडांच्या एका रांगेकडे बोट केलें. "आमचं घर तिथं व्हतं." ती सून म्हणून या गांवांत आली तेव्हां तें घर बुडून पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं, तिनें तें नांदतें कधींच पाहिलेलें नाहीं. तिला सासूनें ती जागा दाखविली. न पाहिलेल्या घराला ती आमचें म्हणत होती, आणि ज्यांचें तेथें कांहींच नव्हतें असे आम्ही सर्व कांहीं डोळे भरून पाहत होतों. त्या दिवसापासून एक प्रश्न मनांतून जात नाहीं. जें आपलें नाहीं तें केवळ पाहण्यासाठीं जाणें ही निरुपद्रवी गोष्ट आहे काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. चोरी, असत्य, हिंसा यांच्या पंक्तींत सहलीला कोण बसवील? परंतु आजच्या सुशिक्षित माणसाच्या आयुष्यांतील किती तरी दिवस स्थळें पाहण्यांत जातात, आणि ज्या गोष्टींत इतके दिवस जातात तिचा नीतीशीं कांहींच संबंध नाहीं असें मानणें आम्हांस कठीण जातें. म्हाताऱ्या बाईच्या प्रश्नांतच त्याचें मर्म आहे. 'पाहणें' आणि 'दर्शन' या दोन्ही शब्दांचा अर्थ डोळ्यांशींच निगडित आहे. तरी दर्शनाला गेलेला मनुष्य देवाला पाहतो तसाच देवाच्या दृष्टीखालींहि येतो. म्हणूनच तो पाय धुतो, डोक्यावर पदर घेतो, मनांतलें एखादें पाप आठवून चपापतो. सहलीला गेलेल्या माणसाची ऐट याच्या नेमकी उलट असते. तो सर्वांस पाहतो, पण त्याला कोणी पाहूं नये, कोणी कांहीं विचारूं नये. 'पाहुणा' हा शब्द 'पाहणें' यावरून आला नसून संस्कृत 'प्राघुण' वरून आला, हें आम्हांस माहीत आहे. पण पाहुण्याला विचारपूस चुकत नाहीं आणि पाहणारा ती चुकवितो, हा भेद व्युत्पत्तीपेक्षां महत्त्वाचा आहे.

येथें कांटचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. १७९० सालच्या आपल्या सौंदर्यमीमांसेंत त्यानें राजवाड्याचें उदाहरण घेतलें आहे. समोरचा वाडा सुंदर आहे काय असें कोणी विचारलें तर मनुष्य नाना प्रकारें उत्तर टाळूं शकेल. असलीं बांधकामें मला आवडतच नाहींत असें तो म्हणेल. पॅरिसमध्यें खाणावळींखेरीज कांहींच न आवडलेल्या इरोक्वा सरदाराप्रमाणें बोलेल. किंवा रूसोच्या थाटांत, गरिबांचा घाम असल्या डामडौलावर खर्चणाऱ्या थोरांस शिव्या देईल. कांट म्हणतो कीं, हें सर्व कबूल, पण प्रश्न तो नाहीं. केवळ पाहण्यांत आनंद होतो कीं नाहीं एवढेंच सांगा. भोरच्या पंतसचिवांच्या राजवाड्यांत उभें राहिलें म्हणजे कांट अगदीं पटतो. ते चौक, ते नक्षीदार लांकडी खांब, चित्रपटांमुळें भोर न पाहिलेल्यांच्याहि ओळखीचे झालेले ते सज्जे पाहतांना रयतेच्या घामाची आठवण होत नाहीं, आणि करून दिली तर ती वायफळ वाटते. संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं विलीन झालें. ज्यांनीं घाम गाळला ते गेले, ज्यांनीं गाळविला तेहि गेले. हिशेब मिटला असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण भाटघरला हिशेब मिटलेला नाहीं. येळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिलें धरण झालें; तें अपुरें पडल्यामुळें थोरलें धरण बांधण्यांत येऊन १९२८ सालीं पुरें झालें. धरण मुंबई सरकारचें, बुडित जमीन संस्थानी खेड्यांची, आणि पाणी नीरेच्या कालव्यांनीं खालच्या सपाट मुलुखाला, अशी ती वांटणी होती. सुमारें साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावणाऱ्या त्या जलाशयाच्या कांठीं भाद्रपदांत उभें राहावें. हिरवे डोंगर पाण्यांत उतरलेले, वर ढगांची ये-जा. तें दृश्य सुंदर आहे, आणि कांटच्या कसोटीला उतरेल असें सुंदर आहे. आमची अडचण हीच आहे. बुडालेल्या घरांची गोष्ट कळल्यावर तें कुरूप झालें असतें तर नीतीचें काम सोपें होतें. तें सुंदरच राहतें, आणि त्याचें सौंदर्य ज्या पाण्यांत आहे त्याच पाण्याखालीं तें घर आहे. राजवाडा आणि घाम यांना वेगळें करतां येतें. पाणी आणि बुडणें यांना कसें वेगळें करावें?

हें आपल्याकडेच घडतें असें नाहीं. आयर्लंडमध्यें डब्लिनच्या जवळ लिफी नदी अडवून १९४० सालीं एक सबंध वस्ती पाण्याखालीं घालण्यांत आली. राजधानीस वीज व पाणी मिळालें, आणि आज त्या सरोवराच्या कांठीं राजधानीचे लोक सुटीला हवा खावयास जातात. वाचतांना आम्हांस हंसूं आलें, आणि लगेच तें ओठांवर विरलें. कारण पुण्याच्या आमच्या नळाचें पाणी खडकवासल्याहून येतें, आणि खडकवासल्याला तें मुख्यतः पानशेत व वरसगांव या वेल्हें भागांतील धरणांतून येतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें त्या दिवसाविषयीं पुण्यांत वाटेल त्या म्हाताऱ्याला विचारा, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें तें तो सांगेल. त्या धरणांखालीं कोणतीं गांवें गेलीं, हें आमच्यासारख्या शिकलेल्या पुणेकरालाहि धड सांगतां येणार नाहीं. उलट, 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण वेल्ह्याच्या व भोरच्या डोंगरी वाड्यांना कोणी शिकवावी लागत नाहीं. उन्हाळ्यांत त्यांच्याकडे टँकर जातो, आणि त्याच रस्त्यानें आमच्या मोटारी देखावा पाहावयास जातात.

आमच्या मित्राचें म्हणणें असें कीं, ही सर्व भावनाविवशता आहे. कोणतें शेत अरण्य तोडल्यावांचून झालें? नीरेच्या कालव्यांवर लाखों माणसें जेवतात; त्यांच्या ताटांतल्या घासाला वेळवंडच्या घराची भरपाई कोणत्या तराजूनें लावणार? शिवाय पाहणाऱ्यानें काय केलें? धरण त्यानें बांधलें नाहीं. आणि शहरांतले लोक घरीं बसले तर राजगडाच्या पायथ्याशीं गुंजवण्याला पिठलें-भाकरी करून घालणाऱ्यांचें काय होईल? या आक्षेपांत तथ्य आहे. घरीं बसणें हा उपाय नव्हे, आणि अपराधी चेहरा करून फिरणें हें तर ऐटीचेंच दुसरें रूप आहे. मात्र एक गोष्ट मित्रानें सोडून दिली. भरपाई आणि ओळख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भरपाई शक्य नसेल तेथेंहि ओळख ठेवणें शक्य असतें, आणि पाहणारा नेमका तीच नाकारतो.

गडांच्या बाबतींत हें अधिक स्पष्ट दिसतें. ११ जुलै २०२५ रोजीं मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशांत गेले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाहीं. दोघांमधल्या धारेनें वाट आहे. धट्टाकट्टा माणूस एका दिवसांत एकावरून दुसऱ्यावर जातो. तोरण्यावर सांपडलेल्या धनांतून राजगड उभा राहिला असें बखरी सांगतात; म्हणजे एका परीनें धाकटा भाऊ दप्तरीं लागला आणि थोरला बाहेर राहिला. यादी करणाऱ्यांची स्वतःची शिस्त असते, तिच्याशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें आमच्या डोळ्यांशीं. यादी झाल्यावर राजगड आम्हांस अधिक भव्य कां वाटूं लागला? २०२४ सालीं वेल्हें तालुक्याला राजगडाचें नांव देण्याचा निर्णय झाला, तेव्हांहि आम्हांस आनंदच झाला होता; वेल्हें हें नांव ज्यांच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या बसलें आहे त्यांस काय वाटलें, हें विचारण्याची बुद्धि त्या वेळीं झाली नाहीं.

रायरेश्वराची गोष्ट याहून बिकट. १६४५ सालीं शिवरायांनीं येथें स्वराज्याची शपथ घेतली या श्रद्धेनें लोक लोखंडी शिडी चढून तेथें जातात. या संदर्भांत ज्या पत्राचा आधार दिला जातो त्याच्या अस्सलपणाविषयीं संशोधकांत मतभेद आहेत, आणि त्यांत नांव रोहिरेश्वराचें आहे. पण पत्राचा निकाल कसाहि लागो. आम्हांस खटकतें तें निराळेंच. त्या पठारावर जंगमांचीं घरें आहेत. ते गहू पिकवितात, देवाची पूजा करतात, आजारी माणूस खालीं उतरवितात. आम्ही मात्र १६४५ मधल्या एका दिवसासाठीं वर जातों, आणि तो दिवस न दिसल्यामुळें शिवालय पाहून, सात रंगांची माती पाहून, संध्याकाळच्या आंत परत येतों. इतिहासांतला एक दिवस पाहण्याच्या नादांत त्या जागेचा आजचा दिवस आमच्या नजरेंतून सुटतो.

आपल्या परंपरेनें यजमानाला फार शिकविलें. अतिथीला देव मानावें हें वाक्य शाळेच्या भिंतींवरहि असतें. अतिथीनें काय करावें याविषयीं मात्र ती बोलावी तितकी बोललेली नाहीं. दुसऱ्याच्या अन्नावर डोळा ठेवून हिंडणाऱ्या गृहस्थास मनुस्मृतीनें सुनावलें आहे खरें. आणि वनपर्वांतल्या तीर्थयात्रेच्या प्रकरणांत, ज्याचे हात, पाय व मन आवरलेले आहेत त्यालाच तीर्थाचें फळ मिळतें, अशा अर्थाचें सांगितलें आहे. मन आवरण्याचें राहूं द्या. हात आवरले तरी गडांचें पुष्कळ कल्याण होईल. येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. तीस वर्षांपूर्वीं राजगडाच्या संजीवनी माचीवर आम्हांस भाजक्या मातीचा एक तुकडा सांपडला, कौलाचा असेल किंवा घागरीचा. आम्हीं तो खिशांत घातला. भिंतीवर नांव कोरणाऱ्यांविषयीं त्याच दिवशीं आम्ही तावातावानें बोललों होतों, हें चांगलें आठवतें. तो तुकडा तेव्हांपासून आमच्या मेजावर कागद दाबण्याच्या कामीं आहे, आणि चोरी हा शब्द आमच्या मनांत कधीं आला नाहीं; कारण मालक कोण तेंच दिसत नव्हतें. (नसरापूरच्या बनेश्वरांत टांगलेली पोर्तुगीज घंटा पाहतांनाहि तो शब्द कोणाच्या मनांत येत नाहीं. तीवर विजयाचें नांव आहे. आमच्या खापरीवर तेंहि नाहीं.)

वेळवंडहून परत आल्यावर त्या खापरीकडे पाहणें अवघड होऊं लागलें. ज्या हातानें ती घागर भरली किंवा तें कौल घातलें त्या हाताची कोणी सून आज जिवंत असेल, आणि पायथ्याच्या एखाद्या वाडीच्या अंगणांतून माचीकडे बोट करून ती 'आमचं' म्हणत असेल. नसेलहि. परंतु तशी कोणी नाहींच, असें धरून चालण्याचा हक्क आम्हांस कोणीं दिला?

त्या दिवशीं निघतांना म्हाताऱ्या बाईनें तांब्यांतलें उरलेलें पाणी आमच्या ओंजळींत घातलें होतें. ऊन फार होतें, आम्ही प्यालों. पाणी कोठलें म्हणून विचारलें तेव्हां ती म्हणाली, "टँकरचं."

ज्येष्ठ संपतां संपतां पाऊस झाला आणि कांबरेश्वर पुन्हां पाण्याखालीं गेला. खापरी अजून मेजावरच आहे. पुढच्या वैशाखांत देऊळ उघडें पडेल तेव्हां वेळवंडला जावयाचें ठरविलें आहे, आणि त्याच्या आधीं गुंजवण्याच्या वाटेनें राजगड चढून जावयाचें. मित्र म्हणतो कीं, हजारों तुकड्यांत एक तुकडा परत टाकून कोणाला काय कळणार! गुडघ्यांचें म्हणणें त्याहून जोरदार आहे. पण माघांत एकदां सिंहगड चढून त्यांची परीक्षा घ्यावी असा विचार आहे.