गाडी डिकीकडून ओळखावी

यमुनानगर, निगडी

चि. सायली,


तुझी मेल वाचली. कंपनीने तुलनेसाठी परदेशातून मागवलेली स्पोर्टी वॅगन तुझ्या ताब्यात दिली, तू ती पहाटेच चाकणहून काढून राजगुरुनगरच्या पुढे खेड घाटात नेलीस आणि आल्या आल्या मला लिहिलंस, "मामा, भारी आहे! वळते सेडानसारखी आणि डिकी टेम्पोएवढी." वाचून बरं वाटलं. पण आता तू टेस्टिंगमध्ये आहेस, बाई. ‘भारी’ मैत्रिणींसाठी ठेव. अहवालात लिहायचं तर कुठे, किती वेगात, कशामुळे, हे आलं पाहिजे.

वळते सेडानसारखी, कारण खालून ती सेडानच असते. तुम्ही रोज ज्या उंच गाड्या चालवता, त्यांचं वजन वळणावर बाहेरच्या चाकांवर कसं कलंडतं ते तुझ्या कमरेला एव्हाना पाठ झालं असेल. ते कलंडणं आवरायला स्प्रिंग कडक करा, अँटी-रोल बार जाड करा, की मोशीच्या खड्ड्यांत प्रवाशांची हाडं खिळखिळी. वॅगनचं वजन मुळात जमिनीजवळ, म्हणून हा हिशेब अर्धा आपोआप सुटतो. घाटात तुला जो आत्मविश्वास वाटला, त्यात इंजिनाचा वाटा तू समजतेस त्याहून कमी आहे.

मात्र वॅगनची खरी परीक्षा पुढच्या सीटवर होत नाही. सेडानला मागच्या सीटच्या पाठीशी पत्र्याचा आडवा आधार असतो, त्याने बॉडी ताठ राहते आणि डिकीतला आवाज डिकीतच राहतो. वॅगनमध्ये तो आधार काढून टाकलेला, वर मागे दाराएवढं भगदाड पाडलेलं. म्हणजे ढोलच झाला तो! ठरावीक वेगात, खडबडीत डांबरावर, मागून एक घुमणारा आवाज येतो. आवाज म्हणण्यापेक्षा कानाच्या पडद्यावर दाब. पुढे म्युझिक लावून बसलेल्याला तो कळतही नाही, मागे बसलेल्याचं मात्र तासाभरात डोकं धरतं. तेव्हा म्युझिक बंद, एसीचा पंखा बंद, आणि वेग पाच-पाचने वाढवत जा. कुठे सुरू होतो, कुठे मरतो, ते टिपून ठेव.

दुसरी युक्ती जुनी आहे. स्पीडब्रेकर सरळ ओलांडू नकोस, तिरका घे, अगदी सावकाश. एकेक चाक चढतं-उतरतं, तशी बॉडी पिळली जाते. त्या वेळी टेलगेटच्या लॅचपाशी बारीक ‘कुईं’ असा आवाज आला, तर रबराचं बीडिंग चौकटीवर घासतंय असं समज. नव्या गाडीत नाही आला म्हणून खूश होऊ नकोस. कच्च्या रस्त्यांवर पुष्कळ पळवल्यावर पुन्हा ऐक. आपल्याकडे कच्चे रस्ते शोधायला लांब जावं लागत नाही, तळेगाव-चाकण रस्ता सोडून कुठेही आत वळलं की झालं.

अशा गाड्या आपल्याकडे झाल्याच नाहीत असं तुझ्या मेलमध्ये एक वाक्य आहे, ते खोडून टाक. तू जन्मायच्या आधी इथे पिंपरीत टेल्कोने टाटा इस्टेट काढली, 1992 साली. आदल्या वर्षी सिएरा आली होती, तिचीच ही बहीण. 1948 सीसीचं डिझेल इंजिन, 68 अश्वशक्ती. खालची घडण टाटामोबाइल पिकअपच्या घराण्यातली. वेग हा तिचा प्रांत नव्हता, पण जुन्या मुंबई रस्त्याला लागली की रुबाबात जायची. लांबून बघणाऱ्याला मर्सिडीजची वॅगन वाटायची. लोक थांबून बघायचे, कौतुक करायचे आणि मग घ्यायची वेळ आली की विचारायचे, "पण मागून ॲम्ब्युलन्ससारखी नाही का वाटत?"

आता 1994 हे साल बघ. ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत त्या वर्षी व्होल्वोने 850 मॉडेलची चक्क इस्टेट, म्हणजे वॅगनच, उतरवली, चौकोनी पाठीसकट. ऑडीने पोर्शच्या मदतीने आरएस 2 काढली, 315 अश्वशक्तीची वॅगन. युरोपात ‘सामान नेणारी गाडी पळते’ हे सिद्ध करायची चढाओढ लागली होती. आणि त्याच वर्षी आपल्या पिंपरीत, इस्टेटच्याच घराण्याच्या चेसिसवर, उंच डोक्याची सुमो आली. इस्टेट 2000 च्या सुमारास संपली. सुमो 2019 पर्यंत चालली. आपल्या माणसाने काय निवडलं ते याहून स्पष्ट सांगायला नको. सुमोत घरचे, पाहुणे आणि त्यांच्या पाहुण्यांचं सामानही मावायचं, म्हणून मी त्या निवडीला नावं ठेवत नाही. वाईट इतकंच वाटतं की दुसरी चव घेऊन बघायची सवड कुणी दिली नाही.

तरी पिंपरीने पुन्हा एकदा प्रयत्न केला. इंडिका 1998 ची, तिच्यावरून 2002 मध्ये इंडिगो आणि 2004 मध्ये इंडिगो मरीना, पूर्ण वॅगन. मरीना मी चालवली आहे. मागची चाकं एकमेकांशी न बांधलेली, इंडिगोसारखीच स्वतंत्र सस्पेन्शनची. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याची खबर नसायची. शर्यतीची गाडी नव्हती ती, पण वळण सुटताना मागची बाजू पुढच्या पाठोपाठ गुमान यायची, आणि माझ्या मते खेळकरपणाची सुरुवात तिथे होते, अश्वशक्तीचा आकडा नंतर.

मग 2006 चं बजेट आलं. चार मीटरच्या आतली, लहान इंजिनाची गाडी असेल तर अबकारी 24 टक्क्यांवरून 16 वर. इंडिगो 4150 मिलिमीटर लांब. कात्री लागली आणि 2008 मध्ये 3988 मिलिमीटरची इंडिगो सीएस तयार झाली. सेडानची शेपटी कापता येते. वॅगनची शेपटी कापली तर उरते ती इंडिकाच! वॅगनचं सगळं म्हणणंच त्या शेपटीत असतं. गिऱ्हाइकाने नाकारलं हे खरं, पण कराच्या फूटपट्टीनेही तिला उभं राहू दिलं नाही, हे तुझ्या साहेबांना सांग. जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ तिथेच राहिली. तुमच्या चाकणच्या डिझाइनवाल्यांना ती झोपेतही दिसत असेल.

पुन्हा तुझ्या गाडीकडे येतो. तू ती एकटीने, रिकामी चालवलीस. रिकाम्या वॅगनचा अहवाल अर्धाच. मागचे स्प्रिंग भरलेल्या डिकीचा विचार करून बसवले असतील तर रिकामी गाडी मागून उडते. रिकामीला मऊ ठेवले असतील तर सामान टाकताच ढुंगण टेकते, नाक वर जातं, आणि रात्री समोरचा ट्रकवाला डिपर मारून शिव्या घालतो, कारण तुझे हेडलाइट त्याच्या डोळ्यांत. हेडलाइटचा झोत खाली-वर करायचं ते चाक कशासाठी दिलंय, ते अशा वेळी कळतं. चांगल्या स्पोर्टी वॅगनची कसोटी हीच, की दोन्ही अवस्थांत तिचा स्वभाव बदलू नये.

तेव्हा स्टोअरमधून वाळूच्या गोण्या माग, (चाकण मार्केटचे कांदे नकोत, वास महिनाभर जात नाही) मागे दोन माणसं बसव आणि तोच घाट त्याच वेगाने पुन्हा कर. पहिल्या पाळीच्या बस सुटायच्या आत परत ये, नाहीतर म्हाळुंग्याच्या कंटेनरांमागे नुसता क्लच तपासून होईल. एक फेरी दुसऱ्याला चालवू दे आणि तू स्वतः मागे बस. पाऊस सुरू झाला की मागची काच किती लवकर चिखलाने भरते तेही बघ. वॅगनच्या छपरावरून आलेली हवा मागे एकदम सुटते आणि चाकांनी उडवलेला चिखल वर ओढून घेते, मागचा वायपर त्यासाठीच.

आणि एक राहिलंच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं, त्यात दोन रकाने असतात, रिकाम्या गाडीचा एक आणि पूर्ण भाराचा एक. त्या पहाटे तू कोणत्या रकान्यातली हवा भरली होतीस? मेलमध्ये ते नाही. आधी ते कळव, बाकीचं नंतर बोलू.

तुझा,
मामा