शिंप्याचा हक्क आणि पासवर्ड

शिलाई मिळाली नसेल तर शिवलेला कोट शिंप्याला अडवून ठेवता येतो. ही नुसती दुकानदारीची रीत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १७० हेच सांगतं. एखाद्या वस्तूवर ज्यानं कसब आणि श्रम खर्च केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती स्वतःकडे ठेवता येते. मात्र शिंप्यानं तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर कोट अडवता येणार नाही, असंही त्या कलमाखालच्या उदाहरणात म्हटलं आहे.

मग वेबसाइट बनवणाऱ्याचं काय? मी अकरा वर्षं हे काम एकट्यानं, घरातून करतो आहे. ‘लोगो अजून मोठा करा’, ‘पुतण्याला रंग आवडला नाही’, ‘दोनच मिनिटांचं तर काम आहे’ असं म्हणणारी गिऱ्हाइकं रोजचीच. त्यांचा त्रास होतो, पण त्यात नैतिक पेच नसतो. निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या लेखी ठरवाव्यात, तिसरीचा दर आधीच सांगावा; बरंचसं तिथंच मिटतं. पेच पडतो तो साइट वापरायला लागल्यावर पैसे थांबवणाऱ्या गिऱ्हाइकापाशी. कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर गेला की शिंप्याचा हात सुटतो. माझ्याकडे मात्र पासवर्ड उरतो.

एका खासगी रुग्णालयाची साइट मी केली होती. उद्घाटनाची तारीख ठरलेली असल्यानं शेवटच्या हप्त्यासाठी महिनाभराची सवड मी कबूल केली. त्या महिन्याचे पाच महिने झाले. कधी हिशेबनीस रजेवर, कधी मोठे डॉक्टर परगावी. होस्टिंग माझ्याच खात्यावर होतं. मित्र म्हणाले, “अरे, बंद कर साइट. संध्याकाळच्या आत पैसे येतात की नाही बघ.”

पैसे आले असते, याबद्दल मलाही शंका नव्हती. शिवाय लेखी हस्तांतर झालेलं नसेल, तर स्वतंत्रपणे काम करणाऱ्यानं लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच, असं १९५७चा कॉपीराइट कायदा सांगतो. म्हणजे मालकीचा मुद्दाही माझ्या बाजूचा होता. तरी मी साइट बंद केली नाही.

कारण ती साइट उघडणारा माणूस डॉक्टर नसतो. डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी येतात का, हे आईसाठी बघणारी तालुक्याच्या गावातली मुलगी ती उघडते. ती माझं काही देणं लागत नाही. साइट बंद पडल्यावर डॉक्टरांवर जो दबाव येतो, तो तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या गैरसोयीतूनच येतो. त्यांची अडचण झाली नाही, तर माझ्या हत्यारालाही धार नाही. माझे पैसे वसूल करायला मी तिला वेठीला धरू शकतो का?

यावर मित्राचा सवाल बिनतोड होता. “तुझ्या नीतीचा फायदा शेवटी बुडवणाऱ्यालाच ना?” हो, होतो. घरभाडं कोणाच्या नीतीसाठी थांबत नाही. आणि साड्यांच्या दुकानाची साइट असती, तर माझा हात कमी अडखळला असता, हेही खरं. पण कोणाच्या गिऱ्हाइकांची अडचण क्षुल्लक, हे पैशाच्या रागात असलेल्या माणसानं ठरवू नये, एवढं मला कळतं.

मी पुढची सगळी कामं थांबवली आणि पत्र पाठवलं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांहून जास्त थकवले, तर २००६च्या कायद्याप्रमाणे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, हे त्यात लिहिलं. निम्मी रक्कम आली. उरलेली आजतागायत आलेली नाही.

म्हणून मऊपणा मी सुचवत नाही. साइट सुरू होण्याआधी पूर्ण पैसे मागणं हा शिंप्याचाच हक्क आहे. तो न लाजता बजवावा. त्या क्षणी अडवलं, तर झळ फक्त देणेकऱ्याला लागते. एकदा का लोक त्या पानावर विसंबले, की वाद आमच्या दोघांत राहिला पाहिजे, आणि त्यात माझं नुकसान झालं तरी पासवर्डला हात लावायचा नाही.