अंगरक्षकाचे अंग कोणाचे?

'अंगरक्षक' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातले 'अंग' नेमके कोणाचे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. रक्षण होते ते एकाच्या अंगाचे, आणि त्यासाठी पुढे केले जाते ते दुसऱ्याचे अंग. उर्दूत यासाठी 'मुहाफिज' हा शब्द आहे. हिफ्ज, हाफिज, हिफाजत, मुहाफिज हे सगळे एकाच धातूतून निघालेले शब्द. कुरआन शरीफ पाठ करून काळजात जपतो तो हाफिज आणि माणसाला जपतो तो मुहाफिज. मी वर्गात हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहितो तेव्हा मुलांना मौज वाटते. मला मात्र गेली काही वर्षे यातला शेवटचा शब्द सतावतो आहे. आमच्या उर्दू शाळेतून बाहेर पडलेली बरीच मुले आता या कामाचे प्रशिक्षण घेऊ लागली आहेत. पोलीस भरतीत दोनदा धावून नंबर लागला नाही, वय निघून चालले, की मुलगा खासगी सुरक्षा एजन्सीची वाट धरतो. नुसता वॉचमन होण्यापेक्षा बॉडीगार्ड व्हावे, सफारी सूट घालावा, कानात वायर असावी, साहेबांच्या गाडीचे दार आपण उघडावे, असे त्याला वाटते. घरच्यांनाही बरे वाटते. पगार ठीक असतो आणि मोहल्ल्यात रुबाब वाढतो.

यात वाईट काही नाही. मेहनतीची, हलाल कमाई आहे. पण एक प्रश्न राहतोच. पगार घेऊन दुसऱ्याच्या जिवासाठी आपला जीव देण्याचा करार माणसाला करता येतो का? आणि येत नसेल, तर हे प्रशिक्षण आहे तरी कशाचे?

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राने २००५ साली कायदा केला आणि २००६ मध्ये त्याखालचे आदर्श नियम आले. रक्षकाला किमान १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर शिकवावे, हे शिक्षण निदान २० कामाच्या दिवसांत पसरलेले असावे, असे त्यात सांगितले होते. माजी सैनिक आणि माजी पोलीस यांना सूट होती. पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर हवी, एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता यायला हवे. विषयांची यादी बरीच लांब होती: गणवेश नीट घालणे, गर्दी आवरणे, ओळखपत्र तपासणे, आग विझवणे, प्रथमोपचार, स्फोटक वस्तू ओळखणे, पोलिसांत फिर्याद कशी द्यावी. हत्यार चालवणे हा विषय ऐच्छिक होता. बी.एड.ला पाठटाचणे काढून काढून मला प्रत्येक अभ्यासक्रमात उद्दिष्टे शोधायची खोड लागली आहे. तशी ती इथेही शोधली. दुसऱ्यासाठी मरणे हा घटक त्यात कुठेही नाही.

कायदाही तेच सांगतो. स्वतःच्या आणि दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क जुन्या दंडसंहितेत प्रत्येकाला होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. खासगी अंगरक्षकाला याहून निराळा अधिकार नाही. तुम्हाआम्हाला आहे तेवढाच त्याला. शिवाय तो हक्क आहे, सक्ती नव्हे. मग 'साहेबांसाठी गोळी खाईन' हे वाक्य येते कुठून? ते सिनेमातून येते, आणि पैसे मोजणाऱ्याच्या मनातून येते.

या कामातली जाणती माणसे वेगळेच काही शिकवतात. साहेब जाणार त्या जागी आधी जाऊन यावे. दरवाजे किती, जिना कुठे, गाडी कुठे वळते, सर्वांत जवळचे इस्पितळ कोणते आणि तिथे रात्री डॉक्टर असतो का, हे पाहून ठेवावे. साहेबांचा रक्तगट माहीत असावा. गर्दीत चेहऱ्यांपेक्षा हातांकडे बघावे, कारण चेहरा हसू शकतो पण हातात काय आहे ते हात लपवू शकत नाही. गाडीत चढता-उतरतानाची दोनचार पावले सर्वांत धोक्याची मानावीत. हल्ला झालाच तर लढत बसू नये. साहेबांना झाकावे आणि तिथून हलवावे. पिस्तूल बाहेर काढायची वेळ आली म्हणजे आधीच्या कामात कुठेतरी फट राहिली, असे समजतात. म्हणजे हा धंदा शंभरातले नव्व्याण्णव दिवस नजरेचा आणि पायपिटीचा आहे. प्रश्न उरतो त्या एका दिवसाचा.

तो दिवस कसा असतो हे वॉशिंग्टनमध्ये ३० मार्च १९८१ रोजी दिसले. राष्ट्राध्यक्ष रेगन हॉटेलातून बाहेर पडून गाडीकडे निघाले असताना जॉन हिंक्ली नावाच्या तरुणाने दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. आवाज होताच लोक खाली वाकताना दिसतात. वाकणारच, शरीराचा धर्मच तो. टिम मॅकार्थी हा रक्षक मात्र गोळ्यांच्या दिशेने वळून हातपाय फाकवतो, आपले अंग होईल तेवढे रुंद करतो आणि पोटात गोळी घेतो. दुसरा रक्षक जेरी पार रेगन यांना गाडीत ढकलतो. गाडी आधी व्हाइट हाउसकडे निघाली होती. रेगन यांच्या तोंडातून येणारे रक्त पाहून पार यांनी ती इस्पितळाकडे वळवली आणि त्यामुळे जीव वाचला. (हेच पार लहानपणी रेगन यांचा गुप्त पोलिसांवरचा एक सिनेमा पाहून या नोकरीकडे ओढले गेले होते. नियतीलाही विनोद कळतो.) मॅकार्थीही जगले. पुढे त्यांनी आपल्या कृतीचे श्रेय शौर्याला न देता प्रशिक्षणाला दिले.

इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी अडवील. विचार न करता, सरावाने झालेल्या कृतीला नैतिक कृती म्हणावे काय? स्प्रिंग दाबली की उडते, त्यात स्प्रिंगची कसली थोरवी? मला हा आक्षेप पटत नाही. इमाम गझाली यांनी स्वभावाची व्याख्याच अशी केली आहे की जी मनात मुरलेली असते आणि जिच्यातून कृती फारसा विचार न करता सहज निघते ती अवस्था म्हणजे खुलुक. ज्याला खरे बोलण्यासाठी दर वेळी मनाशी भांडावे लागते तो अजून सत्यवादी झालेला नाही. शाळेत आम्ही मुलांना सलाम करायला, रांगेत उभे राहायला, पडलेल्याला उचलायला शिकवतो ते याच भरवशावर. मॅकार्थींची निवड त्या दोन सेकंदांत झालीच नाही. ती झाली ज्या ज्या सकाळी ते सरावाला गेले तेव्हा.

पण यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. मुरलेली सवय पाठीमागे कोण उभा आहे हे विचारत नाही. प्रतापगडाखाली १६५९ साली जे घडले ते आपण सगळे चौथीच्या इतिहासात शिकलो. जिवा महालाचे नाव तर म्हणीत जाऊन बसले. सय्यद बंडाचे नाव आपण घेतो ते केवळ त्याचा हात तुटला म्हणून. शांतपणे पाहिले तर दोघे एकाच पेशातले. आपला धनी संकटात दिसताच दोघेही धावले. एकाच्या इमानाला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. दुसऱ्याचे इमान कोणाच्या खिजगणतीत नाही. याच प्रसंगी शिवाजी महाराजांच्या निवडक रक्षकांत सिद्दी इब्राहीम होता, हेही सांगितले पाहिजे. इमानाला धर्म चिकटलेला नसतो हे तेव्हाच्या राजाला कळत होते. आज ज्या सोसायटीत नाव ऐकून घर नाकारतात तिच्या फाटकावर रात्रभर जागायला मात्र आमचा मुलगा चालतो, हे ओघात लिहिले. मुद्दा असा की नुसते इमान पुरेसे नाही. ते कोणाच्या पायाशी ठेवायचे, हे ठरवणे हा इमानाचाच भाग आहे. सरकारी रक्षकाला ती निवड नसते. खासगीत ती असते म्हणतात, पण तिथे बहुधा पोटच निवड करते.

आता मोबदल्याचा विचार करू. उहुदच्या लढाईत हुजूरांवर (स.) येणारे वार हजरत तल्हा (रजि.) यांनी आपल्या हातावर झेलले आणि तो हात कायमचा निकामी झाला. वर्गात हा विषय निघाला की कोणीतरी हा दाखला देतोच. पण तल्हांना पगार नव्हता. तिथे अकीदत होती, करार नव्हता. कराराचा दाखला हवा असेल तर तो फिक्हमध्ये पाहावा लागेल. तिथे 'अजीर-ए-खास' ही कल्पना आहे. ज्याने आपला वेळ एकाच धन्याला दिला तो वेळेवर हजर राहिला की मजुरीला पात्र होतो, मग त्या दिवशी काम निघो वा न निघो. अंगरक्षकाला हे किती चपखल बसते! काहीही न घडणे हेच तर त्याच्या कामाचे यश. म्हणजे विकला गेला तो वेळ, विकली गेली ती नजर. जीव ही मुळात त्याची मालमत्ताच नाही, अमानत आहे. अमानत विकता येत नाही. तेव्हा ज्या क्षणी रक्षक अंग पुढे करतो त्या क्षणी तो पगाराचे काम करीत नसतो, दान देत असतो, आणि दान वसूल करता येत नाही.

माझ्या पेशातले एक उदाहरण देतो. पेशावरच्या लष्करी शाळेवर १६ डिसेंबर २०१४ रोजी हल्ला झाला तेव्हा मुख्याध्यापिका ताहिरा काझी मुलांना सोडून गेल्या नाहीत आणि मारल्या गेल्या. त्यांच्या नेमणूकपत्रात असे काही लिहिले असेल काय? आणि त्या बाहेर पडल्या असत्या तर त्यांना 'नोकरीत कसूर' म्हणून दोष देण्याची आपली प्राज्ञा होती काय?

म्हणूनच १२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली तेव्हा लोकांचे बोलणे ऐकून मी अस्वस्थ झालो. त्यांच्याबरोबर एक पोलीस रक्षक होता. तो वाचला आणि पुढे निलंबित झाला. त्याची नजर कुठे होती, त्याने नेमून दिलेले काम केले की नाही, ही चौकशी योग्यच आहे. नजर विकलेली असते, तिचा हिशेब मागता येतो. पण चहाच्या टपरीवर लोक वेगळेच विचारीत होते: 'तो जिवंत कसा?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझ्या मते प्रश्न उलट्या बाजूने विचारायला हवा. रक्षक मरायला तयार आहे का, हे सगळे विचारतात. ज्याचे रक्षण होते तो दुसऱ्याचा जीव किती जपून खर्च करतो, हे कोणी विचारत नाही. श्रीपेरुंबुदूरला २१ मे १९९१ रोजी बंदोबस्तावरच्या एका महिला फौजदाराने पुढे घुसणाऱ्या त्या बाईला अडवले होते. राजीव गांधींनीच तिला येऊ देण्यास सुचवले, अशी त्या फौजदाराची हकिकत आहे. त्यात त्यांचा लोभसपणा होता, लोकांवरचा विश्वास होता. पण त्यांच्या शेजारी दिल्ली पोलिसांचे पी. के. गुप्ता हे अंगरक्षक उभे होते, आणि तेही त्याच स्फोटात गेले. नेता स्वतःचा धोका पत्करतो तेव्हा आपण त्याला धैर्य म्हणतो. त्याच्या बाजूला उभ्या असलेल्याला मात्र कोणी विचारलेले नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला हजरत उस्मान (रजि.) आहेत. इ.स. ६५६ मध्ये बंडखोरांनी मदिनेतल्या त्यांच्या घराला वेढा घातला होता. रक्षणाला तरुण दाराशी उभे होते, त्यांत हजरत हसनही होते. खलिफांनी त्यांना तलवारी म्यान करून घरी जायला सांगितले. गुलामांना तर, जो तलवार म्यान करील तो आझाद, असे म्हटल्याची रिवायत आहे. माझ्यासाठी दुसऱ्याचे रक्त सांडू नये, एवढेच त्यांना हवे होते. यातून पुढे उम्मतचे नुकसान झाले, सत्ताधाऱ्याने असे हात आवरू नयेत, असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येकाने तेच करावे असे मीही म्हणणार नाही. पण आपल्या रक्षणाची किंमत कोण देणार आहे हे त्यांनी पाहिले होते. आज दोनदोन बाउन्सर घेऊन लग्नाला येणारे पाहतात ते एवढेच की फोटोत बाउन्सर दिसतो आहे की नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी हे प्रशिक्षण संपवून एका बांधकाम व्यावसायिकाकडे लागला. ईदला भेटायला आला होता. मी विचारले, काम कसे आहे? म्हणाला, "सर, काम सोपे आहे, साहेब अवघड आहेत. पट्टा लावा म्हटले तर हसतात. रात्री कुठेही गाडी थांबवतात. मी आधी जाऊन जागा बघून येतो म्हटले तर म्हणतात, तुला पगार सोबत राहण्याचा देतो, हिंडण्याचा नाही." त्याची अम्मी रोज इशानंतर त्याच्यासाठी दुआ मागते, हेही त्याने सांगितले. मी त्याचे नेमणूकपत्र मागून घेतले आणि दोनदा वाचले. त्यात पगार होता, बारा तासांची ड्युटी होती, गणवेशाची कपात होती. हात गेला तर काय, जीव गेला तर घरी कोण येईल, यावर एक ओळ नव्हती. विम्याचे लेखी मागून घे, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मागतो सर, पण आधी कायम होऊ द्या."